स्थिती पूर्ववत

“काका, पिवळ्या रेषेच्या आत हात घालू नका. घातला तर तिथेच राहील तो.”

सोनटक्के भाऊसाहेबांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. ते तहसील कचेरीतले कारकून. रेषेच्या आत, माझ्यापासून चार पावलांवर, माझी बायको मंजुळा उभी होती. मला तिची पाठ दिसत होती, अंबाडा दिसत होता, डावा कान दिसत होता. उजव्या पायाची टाच उचललेली होती. दोन्ही हातांना कणीक लागलेली. तिच्या डोक्याच्या दोन हात वर सिमेंटच्या स्लॅबचा एक तुकडा हवेत होता. बैलगाडीएवढा. त्याच्याबरोबर सुटलेली धूळही हवेतच होती. एक कबुतर पंख वर करून तसंच राहिलं होतं.

“जिवंत आहे का ती?” मी विचारलं.

“स्थिर आहे,” सोनटक्के म्हणाले. “फॉर्मवर तसंच लिहितात.”

मी मोठ्याने हाक मारली. “मंजुळा!” आवाज रेषेपर्यंत गेला आणि गादीवर बुक्की मारावी तसा बसला. घुमला नाही, परत आला नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तेवढीच जागा आवाज गिळत होती.

याला आता अठरा वर्षं होतील. मी धामणखेडला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचो. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मंजुळा चार बायकांबरोबर लग्नकार्यात पोळ्या लाटायला जायची. गावाबाहेर नवं मंगल कार्यालय झालं होतं, त्याच्या वरच्या मजल्याचं काम अजून चालू होतं. खाली लग्न आणि वर बांधकाम. जेवणं उरकली होती, पाहुणे अंगणात गेले होते, मंजुळा उरलेली कणीक न्यायला हॉलमधून स्वयंपाकघराकडे निघाली होती. तेव्हा स्लॅब सुटला.

त्या लग्नाला अनसूया टेकाळे पाहुणी म्हणून आली होती. तिची शेजारच्या तालुक्यात पिठाची गिरणी होती. ती नोंदणी झालेली सामर्थ्यधारक होती, वर्ग दोन. पडणारी वस्तू ती धरू शकायची, हात न लावता. तिनं स्टेजवरून पाहिलं आणि धरलं. तेव्हापासून ती नवरदेवाच्या लाल खुर्चीत बसून होती, दोन्ही तळवे पुढे करून, डोळे मंजुळावर लावून. अंगावर जरीचा शालू आणि त्यावरून नियमाप्रमाणे नंबरचं खाकी जाकीट. तिला नजर काढता येत नव्हती. एक महिला पोलीस दर थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांत पाण्याचे थेंब घालायची.

कायदा तेव्हा नवा होता. त्याआधी ही माणसं मोकळी होती. रंगीत कपडे घालायची, आपलीच नावं ठेवायची, मनाला येईल तिथे उडी घ्यायची. मग एका शहरात दोघांच्या भांडणात उड्डाणपूल पडला, आणि केस कोणावर करायची तेच कोणाला कळेना. त्यानंतर सगळ्यांना नंबर मिळाले. परवाना आला, नोंदवही आली. लेखी हुकमाशिवाय शक्ती वापरायची नाही. जीव वाचवायला वापरली तर चालेल, पण चौदा दिवस, पुढे वरून मंजुरी पाहिजे. आणि चौकशी पुरी होईपर्यंत धारकानं ज्याच्यावर शक्ती वापरली त्याच्या नातेवाइकांशी एक शब्दही बोलायचा नाही. बोलला तर परवाना तिथल्या तिथे रद्द, शक्ती लगेच सोडायची. आधी या लोकांनी घरच्यांवर दबाव आणून तक्रारी मागे घ्यायला लावल्या होत्या, म्हणून हे कलम. लोकांना तो कायदा आवडला होता. मलाही आवडला होता.

पहिल्याच दिवशी अग्निशमनवाल्यांनी लोखंडी टेकू आत ढकलून पाहिला. हातभर आत गेला आणि तिथेच तिरका राहिला, हलेना. दोरी फेकली, तीही हवेत राहिली. मग कोणी काही केलं नाही. नायब तहसीलदार कानडे मॅडम आल्या, त्यांनी रेषा आखून घेतली. स्वयंपाकघराच्या दारात टेबल आडवं टाकून ती बाजू बंद केली. मला दहा ते पाच बसायची परवानगी दिली.

“बोलू का मी तिच्याशी?” मी मॅडमना विचारलं.

“बोला की. तुम्हाला कुठे बंदी आहे? बंदी टेकाळेबाईंना आहे.” मॅडमनी स्वतः एक स्टूल आणून रेषेला लावून दिलं. “ऐकू जाणार नाही हो, पण तुमचं मन हलकं होईल.”

मी बोलायला लागलो.

आमच्या संसारात बोलायचं काम तिचं होतं. मी ‘हं’ म्हणायचो. कधी तेही नाही. पण तिथे बसून मी बोलत सुटलो. नळाला मंगळवारी पाणी आलं नाही. शेजारच्या गंगूबाईने कालवण आणून दिलं, मीठ जास्त होतं. तुझी गुलाबी चोळी दोरीवरच राहिली होती, मी आत घेतली. कोयंडा बसत नव्हता, तो बसवला. तुला किती दिवसांपासून सांगायचं होतं की मागच्या दिवाळीला मी चिडायला नको होतं.

सोनटक्के समोरच्या टेबलावर नोंदवही घेऊन बसायचे. चांगला माणूस. डब्यातली अर्धी भाकरी मला द्यायचा.

“काका,” एकदा म्हणाले, “घरी एवढं बोलला असता तर काकूंनी देव्हाऱ्यात फोटो लावला असता तुमचा.”

“बोलू देत नव्हती ती,” मी म्हणालो.

“खरं सांगा.”

“सुचत नव्हतं.”

ते हसले आणि उठले. रोज चार वाजता ते नोंदवही घेऊन स्टेजवर जायचे. अनसूयाताई ओठ न हलवल्यासारखं काहीतरी पुटपुटायची. सोनटक्के मान हलवायचे, वहीत लिहायचे, मग तिचा अंगठा शाईच्या पॅडवर आणि कागदावर दाबून घ्यायचे. तिला हात खाली करता येत नव्हता, म्हणून वहीच वर धरायचे. तिला खाली बघता येत नव्हतं, म्हणून काय लिहिलंय ते ती वाचायची नाही.

“काय म्हणते?” मी विचारायचो.

“सांगता येत नाही काका. नियम आहे. पण काळजी नको, स्थिती पूर्ववत आहे.”

चौथ्या-पाचव्या दिवशी मला वाटलं, ती माझ्याकडे रागानं बघतेय. पण ती माझ्याकडे बघूच शकत नव्हती. तरी मी बोलायला लागलो की तिच्या गालावरची शीर उडायची. मी गप्प झालो की थांबायची. मला वाटलं, चौदा दिवस शालूत बसायचं म्हणजे बाईला त्रास होत असेल. तिचे केस कानाशी पांढरे व्हायला लागले होते. स्टेजवरची झेंडूची फुलं वाळून काळी पडली होती, कोणी काढली नव्हती. फक्त रेषेच्या आत उडून गेलेलं एक फूल पहिल्या दिवशीसारखं पिवळं होतं, जमिनीपासून वीतभर वर.

नवव्या दिवशी सकाळी मी स्टुलावर बसलो, आणि मला कबुतर दिसलं. त्याचे पंख खाली होते.

मी डोळे पुसून परत पाहिलं. पहिल्या दिवशी वर होते. शपथेवर सांगितलं असतं मी. मग मी मंजुळाकडे पाहिलं. रोज बघत होतो, पण रोज बघितलेलं माणूस बदललेलं दिसत नाही. आता मला तिचा नुसता कान दिसत नव्हता. गाल दिसत होता. नाकाचा शेंडा आणि चमकी दिसत होती. भुवईपाशी कुंकवाची कड दिसत होती.

ती माझ्याकडे वळत होती.

मला इतका आनंद झाला की मी उभाच राहिलो. “भाऊसाहेब! भाऊसाहेब, ती वळतेय! माझं ऐकलं तिनं! बघा, चमकी दिसते!”

सोनटक्के आले, बघायला लागले. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं तेही हसतील. ते स्टेजकडे बघायला लागले.

“मंजुळा,” मी रेषेला पाय लावून ओरडलो, “इकडे बघ! मी आहे, इकडे बघ!”

“गप्प बसा!”

स्टेजवरून आवाज आला. नऊ दिवसांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. घशात वाळू असल्यासारखा होता.

“काका, बोलू नका. देवाची शपथ आहे तुम्हाला, एक शब्द बोलू नका.”

महिला पोलीस दचकून मागे झाली. कानडे मॅडम दारातून आत येत होत्या, त्या जागीच थांबल्या.

“मला कोणाला थांबवता येत नाही,” अनसूयाताई म्हणाली. नजर मंजुळावरच होती. “मला हळू करता येतं, तेवढंच. स्लॅब मी जास्त हळू केलाय, काकूंना कमी. त्या निघाल्या होत्या. दाराकडे. दोन पावलांचं काम होतं. बाराव्या दिवशी त्या स्लॅबखालून बाहेर असत्या.”

मला कळायला वेळ लागला. मी तिची टाच पाहिली. पहिल्या दिवशी उचललेली होती. आता ती जमिनीला टेकली होती. पुढे नाही, तिथेच.

“मग थांबली का ती?”

मी स्टेजकडे वळलो.

“थांबली का, ताई?”

“तुमचा आवाज आत जातो,” ती म्हणाली. “तोही हळू जातो, पण जातो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कानाशी पोचला. तुम्ही रोज नवा घालताय. मी पहिल्या दिवशीच भाऊसाहेबांना सांगितलं की त्या चालतायत. तिसऱ्या दिवशी सांगितलं, काकांना उठवा तिथून. रोज सांगितलं. तुमच्याशी बोलले असते तर मला लगेच सोडावं लागलं असतं.”

मी सोनटक्क्यांकडे पाहिलं. ते नोंदवहीकडे बघत होते.

“फॉर्मवर तीनच शब्द छापलेत काका,” ते म्हणाले. “स्थिर, मुक्त, मृत. चालतेय असं लिहायला जागा नाही. पहिल्या दिवशी मी स्थिरवर खूण केली. मग रोज पूर्ववत. आम्ही असंच लिहितो, सगळीकडे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, वळतेय. मला वाटलं, झोप नाही बाईला, बरळतेय. बदल लिहिला की तासाभरात जिल्ह्याला कळवावं लागतं, गाडी भरून साहेब येतात. बघायला गेलो तर मला काही वळलेलं दिसेना.” ते तिथेच खाली बसले. “रोज बघत होतो ना मी.”

मीही रोज बघत होतो.

कानडे मॅडम पुढे आल्या. कायद्यानं त्यांनी त्याच क्षणी परवाना रद्द करायचा होता. त्यांनी फोन कानाला लावला. फोन बंद होता, मला दिसत होतं.

“मी फोनवर होते,” त्या म्हणाल्या. “मी काही ऐकलं नाही. सोनटक्के, तुम्ही ऐकलंत का काही?”

“नाही मॅडम.”

“शिंदेबाई?”

“पाणी आणायला गेले होते मी,” महिला पोलीस म्हणाली.

“काका, तुम्ही मागून फिरून स्वयंपाकघराच्या दारात या. टेबल काढा रे ते.”

मी अंगण ओलांडून, चुलींच्या राखेतून, दारात जाऊन उभा राहिलो. तिथून मंजुळा समोरून दिसत होती. पण तिचा चेहरा माझ्याकडे नव्हता. ती माझ्या रिकाम्या स्टुलाकडे वळत होती. भुवया थोड्या वर गेल्या होत्या. नवरा आज एवढा काय बोलतोय म्हणून एखादी बाई बघेल तशी.

“इथून हाक मारू का?” मी विचारलं.

“एकदाच मारा,” अनसूयाताई म्हणाली. “मोठ्यानं. मग गप्प. पण आधीचं आत गेलंय ते मला परत काढता येत नाही. ते संपेपर्यंत त्यांना हे ऐकू येणार नाही.”

मी हाक मारली. “मंजुळा, पळ!” मग तोंडावर हात धरून बसलो. पाच दिवस मी त्या दारात बसून होतो आणि तोंडातून शब्द काढला नाही. कोणी जेवायला बोलावलं तरी मान हलवायचो. खोकला आला तर अंगणात जाऊन खोकायचो.

मॅडमनी त्याच दिवशी मुदतवाढीचा अर्ज पाठवला. पहिल्या दिवशीचा फोटो आणि नवा फोटो जोडला. तीन दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी ते मला वाचून दाखवलं नाही, हातात दिलं. नोंदवहीप्रमाणे सलग नऊ दिवस स्थितीत कोणताही बदल नाही. फोटो वेगवेगळ्या बाजूंनी घेतल्याचे दिसते. सबब मुदतवाढीस कारण आढळत नाही. चौदाव्या दिवशी दुपारी बारा वाजता शक्ती सोडावी, न सोडल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांनी धारकास झोपेचे इंजेक्शन द्यावे.

“मी वही नवी लिहून देतो,” सोनटक्के म्हणाले. “सगळे दिवस नव्याने लिहितो. नोकरी गेली तर गेली.”

“आधीच्या वहीची प्रत रोज संध्याकाळी वर गेलीय, भाऊसाहेब,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हीच पाठवत होता.”

त्या स्वतः गाडी करून जिल्ह्याला गेल्या. रात्री उशिरा परत आल्या असं मला दुसऱ्या दिवशी कळलं. काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कळलं.

चौदाव्या दिवशी सकाळी मी दारात गेलो. मंजुळाचा चेहरा आता पुरा वळला होता. डावीकडे, जरा मागे, स्टुलाकडे. ओठ किंचित उघडले होते. पाय दोन्ही जमिनीवर. दाराकडे तिची पाठही नव्हती आणि तोंडही नव्हतं. स्लॅब तिच्या केसांपासून हातभर राहिला होता.

स्टेजपाशी डॉक्टर इंजेक्शन भरून उभे होते. तरुण होते.

“ताई,” मी म्हणालो. आता तिच्याशी बोलायला कोणी अडवत नव्हतं. “माझी इथली हाक पोचली का तिला?”

“नाही काका.”

“कधी पोचेल?”

“चार दिवसांनी. मग त्या वळतील. मग पाय उचलतील. मला अजून पंधरा दिवस लागतील.” तिचे केस तोवर सगळे पांढरे झाले होते. ती माझ्या निम्म्या वयाची होती. “मी सोडणार नाही काका. टोचू दे त्यांना.”

“टोचल्यावर?”

तिनं तळवे आणखी पुढे केले.

घड्याळात पावणेबारा झाले होते. मी दारात उभा होतो. इथे उभं राहिलं तर निदान मी बरोबर जागी होतो. काही चमत्कार झाला, जिल्ह्याहून फोन आला, कोणाचं मन बदललं, तर तिला इकडेच यायचं होतं. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांच्या हातात फोन होता, आता चालू होता. तो वाजत नव्हता.

मी मंजुळाकडे पाहिलं. ती त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होती.

बाराला पाच कमी असताना मी दार सोडलं. चुलींच्या मागून, अंगणातून फिरून हॉलमध्ये आलो. सोनटक्के टेबलामागे उभे होते. मला बघून त्यांनी वही मिटली. मी स्टुलावर बसलो नाही, उभा राहिलो, म्हणजे तिची नजर बरोबर माझ्या तोंडावर आली. नऊ दिवस ती माझ्याकडे वळत होती आणि पाच दिवस मी तिथे नव्हतो. तिच्या डोळ्यांत मी अजून नव्हतो, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. ती बघत होती, पण तिला अजून रिकामंच दिसत होतं.

“ताई,” मी म्हणालो, “मी तिला दिसेन का?”

“सोडल्यावर दिसाल,” अनसूयाताई म्हणाली. ती रडत होती, पण डोळे मिटत नव्हती. “डोळ्याचं पातं लवेल एवढा वेळ मी स्लॅब एकटा धरते. त्याच्यापुढे मला नाही जमणार.”

“जमेल तेवढं धरा.”

डॉक्टरांनी तिच्या दंडात सुई घातली.

मला वाटलं होतं मोठा आवाज होईल. आधी काहीच आवाज झाला नाही. आधी कबुतर उडालं. मग टेकू खणकन खाली पडला, दोरी पडली, झेंडूचं फूल पडलं. रेषेच्या आतली हवा बाहेर आली, तिला ताज्या कणकेचा वास होता. मंजुळाच्या डोळ्यांत माझा चेहरा आला. ती ओळखीचं हसली, मी घरी लवकर आल्यावर हसायची तशी.

“काय हो?” ती म्हणाली.

“काही नाही,” मी म्हणालो.

ते तिच्यापर्यंत पोचायच्या आत स्लॅब खाली आला.